स्ट्राविन्स्की बोलतो तेव्हा

थोरामोठ्यांच्या चरित्रांपेक्षा त्यांच्या गप्पा वाचण्याचा मला नाद अधिक. चरित्रात माणूस पगडी घालून छायाचित्राला बसल्यासारखा दिसतो. गप्पांत तो जरा पाय पसरून बसतो. पण या नादाने एक शंकाही माझ्या मागे लावून दिली आहे. स्वतःविषयी बोलणाऱ्या माणसावर विश्वास तरी किती ठेवायचा? इगॉर स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराची संभाषणे वाचताना ती शंका मला पानोपानी भेटली.

स्ट्राविन्स्कीचा जन्म १८८२ सालचा, सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानियेनबाउमचा. वडील मारिइन्स्की नाट्यगृहातले नामांकित गायक; तरी चिरंजीवांना धाडले ते कायदा शिकायला! रिम्स्की-कोर्साकोव्हसारखा गुरू लाभला म्हणून बरे. १९१० साली पॅरिसमध्ये ‘अग्निपक्षी’ हे त्याचे नृत्यनाट्य गाजले आणि त्याचे नाव युरोपभर झाले. पुढे १९१४ चे महायुद्ध आले, १९१७ ची क्रांती आली आणि मायदेशाची वाट बंद झाली. स्वित्झर्लंडमधले बिऱ्हाड मोडून तो फ्रान्सला गेला. तिथे १९३८-३९ मध्ये अवघ्या सातेक महिन्यांत थोरली मुलगी, पत्नी आणि आई अशी तिघे गेली. पुन्हा महायुद्ध पेटले आणि तो अमेरिकेला निघाला.

तिथे १९४८ साली त्याला रॉबर्ट क्राफ्ट भेटला. हा चोवीस वर्षांचा होतकरू संगीतसंचालक, तो पासष्टीचा. क्राफ्ट लवकरच घरच्यासारखा झाला, आणि स्ट्राविन्स्कीच्या अखेरीपर्यंत त्याच्याजवळ राहिला. त्याने प्रश्न विचारावे आणि म्हाताऱ्याने उत्तरे द्यावी, अशा प्रकारे १९५९ पासून १९६९ पर्यंत सहा पुस्तके निघाली. त्यांतली इंग्रजी पुष्कळशी क्राफ्टच्या हातची आहे. शेवटच्या पुस्तकांत तर कोणते वाक्य कोणाचे, यावर अभ्यासकांचे वाद झाले. तरीही प्रश्न विचारणारा नसता, तर त्या आठवणी मनातल्या मनात विरून गेल्या असत्या, हे विसरून चालणार नाही.

या पुस्तकांत मला सर्वांत मोह घालतात त्या लहानपणच्या आवाजांच्या आठवणी. पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या घोडागाड्यांचा खडखडाट, फेरीवाल्यांच्या हाळ्या, चर्चच्या घंटा, सारे त्याला साठ-सत्तर वर्षांनंतरही ऐकू येत होते. रशियात तुला सर्वांत प्रिय काय होते, असे विचारल्यावर त्याने राजवाडे सांगितले नाहीत, नाट्यगृहे सांगितली नाहीत. घटकाभरात बर्फ फुटून जणू सारी धरणी तडकावी, असा तिथला धसमुसळा वसंत त्याला आठवला. आपल्याकडे वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर आणि कोकिळा! त्याच्या वसंताची तऱ्हाच निराळी.

तोच वसंत त्याने संगीतात आणला. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये ‘वसंतविधी’ रंगभूमीवर आला आणि प्रेक्षकांत अशी हुल्लड माजली की नाचणाऱ्यांना वाद्ये ऐकू येईनात. नृत्यदिग्दर्शक निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून मात्रा ओरडून मोजत होता, आणि तो पडू नये म्हणून आपण त्याचे कपडे मागून धरून उभे होतो, असे स्ट्राविन्स्कीने सांगून ठेवले आहे.

याच रचनेविषयी त्याने आणखीही एक गोष्ट सांगितली. तिच्या आरंभी एकटे बसून वाजते ती सुरावट तेवढी लोकगीताची, लिथुआनियन गीतांच्या एका संग्रहातली; बाकी लोकगीत कुठे नाही. हे बरीच वर्षे खरे मानले गेले. परंतु १९६९ साली त्याची टिपणवही छापून आली. १९७९ मध्ये लॉरेन्स मॉर्टनने, आणि पुढे रिचर्ड टारस्किनने, १९०० साली क्राकोव्हला निघालेला तो संग्रह शोधून वहीशी ताडून पाहिला, तेव्हा तिथल्या आणखी काही चाली सापडल्या!

मग हा गृहस्थ खोटे बोलला म्हणायचे काय? मला तसे म्हणवत नाही. घरदार सुटलेल्या माणसाला नव्या गावात आपण कोणाचेच देणे लागत नाही, असे दाखवावेसे वाटते. संगीत कोणतीही भावना व्यक्त करीत नाही, असे त्याने आत्मचरित्रात ठासून लिहिले, त्यातही मला हीच धडपड दिसते. त्याने मांडलेला हिशेब तपासूनच घ्यावा. पण तडकणाऱ्या बर्फाचा आवाज सांगताना तो हिशेब मांडत नव्हता.

१९६२ साली, अठ्ठेचाळीस वर्षांनी, त्याने रशियात पाऊल ठेवले. माणसाची जन्मभूमी एकच, अशा अर्थाचे तो मॉस्कोतल्या एका भोजनाच्या वेळी बोलला. क्राफ्टने ते रोजनिशीत टिपून ठेवले. जगाचा नागरिक म्हणून मिरवणारा हा ऐंशी वर्षांचा म्हातारा मायबोलीत शिरताच निराळाच माणूस झाला, हे त्याने जवळून पाहिले होते.

६ एप्रिल १९७१ रोजी स्ट्राविन्स्की न्यूयॉर्कमध्ये वारला. व्हेनिसला त्याचे दफन झाले, तेव्हा त्याचीच शोकरचना क्राफ्टने संचालित केली. वर्षानुवर्षे प्रश्न विचारणाऱ्याला त्या दिवशी उत्तर देणारे कोणी नव्हते.

फराळाच्या ताटाभोवती घरची वडीलधारी मंडळी जमतील, तेव्हा त्यांना सालवार इतिहास विचारू नका. लहानपणी सकाळी जाग येई ती कोणत्या आवाजाने, एवढेच विचारा. सनावळी चुकेल कदाचित, चुकू द्या. सांगतील ते मात्र लिहून ठेवा.