समुद्री शेवाळ खाल्ल्यावर शरीरात काय होते?

"थायरॉईडसाठी चांगल्या असतात म्हणून केल्पच्या गोळ्या सुरू केल्यात," असे रुग्ण सांगतात तेव्हा मी आधी बाटली पाहायला मागतो. केल्प म्हणजे मोठ्या पात्यांचे तपकिरी समुद्री शेवाळ. नैसर्गिक असले तरी त्यातला कोणता घटक शरीरात किती शोषला जातो, यावर सगळे अवलंबून असते.

शेवाळातला बराच भाग तंतुमय असतो. तुमच्या घरातले चायना ग्रास लाल समुद्री शेवाळापासूनच बनते. हे तंतू पचवणारी विकरे आपल्या शरीरात तयार होत नाहीत, त्यामुळे ते जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू त्यांचे थोडेफार विघटन करतात. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरीतले तंतू पचवणारी जनुके २०१० मध्ये जपानी लोकांच्या आतड्यातील जिवाणूंमध्ये आढळली. समुद्रातल्या जिवाणूंकडून ती आली असावीत!

पॉलिफेनॉलही बहुतांशी मोठ्या आतड्यातच जातात. जिवाणू त्यांचे तुकडे करतात, शोषलेल्या तुकड्यांवर यकृतात प्रक्रिया होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून 'भरपूर अँटिऑक्सिडंट' असे लिहिलेले असले, तरी रक्तात किती पोहोचेल हे त्यावरून कळत नाही.

आयोडीनचे तसे नाही. ते जठर व लहान आतड्यातून झपाट्याने शोषले जाते आणि थायरॉईड ग्रंथी ते रक्तातून ओढून घेते. प्रौढांना दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम पुरते. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरात ते बहुधा मिळतेच. वाळलेल्या केल्पच्या एका ग्रॅममध्ये मात्र हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकते.

इतके आयोडीन आले की निरोगी ग्रंथी काही दिवस हार्मोन कमी बनवते, मग पूर्ववत होते. हाशिमोटो आजारात अनेकदा हे पूर्ववत होणे जमत नाही आणि टीएसएच वाढतो. ग्रंथीत गाठी असतील तर उलट हार्मोन जास्त बनून छातीत धडधड, हातांना कंप, वजन घटणे असा त्रास होऊ शकतो.

अधूनमधून सुशी खाल्ली तर घाबरू नका. नोरीत आयोडीन बरेच कमी असते. पण थायरॉईडचा आजार असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर केल्पच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. आधीच घेत असाल तर बाटली घेऊन डॉक्टरांना भेटा आणि टीएसएच तपासून घ्या. तोपर्यंत थायरॉईडची नेहमीची गोळी मात्र बंद करू नका.