आर्थिक स्वातंत्र्याचे मोजमाप आणि बंगळुरूचा अनुभव

संगणक आयात करण्यासाठी दिल्लीचा परवाना, परदेशी ग्राहकाला भेटावयास जाण्यासाठी परकीय चलनाची परवानगी आणि समभागांची विक्री किंमत ठरविणार सरकारी नियंत्रक, अशा चौकटीत १९८० च्या दशकात बंगळुरूचा सॉफ्टवेअर उद्योग उभा राहिला. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन होऊन १९८३ मध्ये बंगळुरूला गेलेली इन्फोसिस ही त्यांपैकीच. जुलै १९९१ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, १९९२ मध्ये भांडवल नियंत्रकाचे पद रद्द झाले आणि १९९३ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. ‘फेरा’ कायद्याची जागा २००० मध्ये ‘फेमा’ने घेतली.

असे बदल गुणांमध्ये मांडून देशांची तुलना करणारे दोन निर्देशांक प्रसिद्ध आहेत. कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूट सरकारचा आकार, कायदा व मालमत्तेचे हक्क, चलनाचे स्थैर्य, परदेशी व्यापार आणि नियमन या पाच निकषांवर दहापैकी गुण देते. तिची आकडेवारी १९७० पर्यंत मागे जाते. अमेरिकेतील हेरिटेज फाउंडेशन १९९५ पासून शंभरपैकी गुण देते. तिच्या मोजणीत भारताला १९९५ मध्ये सुमारे ४५, तर २०२५ मध्ये सुमारे ५३ गुण होते. इतर देशही पुढे सरकत असल्याने गुण वाढूनही क्रमांक घसरू शकतो. त्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यांतील क्रमांकापेक्षा गुण पाहणे अधिक योग्य. दोन्ही संस्था मुक्त बाजारपेठेच्या पुरस्कर्त्या आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. हाँगकाँग अनेक वर्षे अग्रस्थानी होते. मात्र तेथील धोरणांवर अखेरचे नियंत्रण बीजिंगचे आहे, असे कारण देत हेरिटेजने २०२१ मध्ये ते यादीतूनच वगळले.

हे गुण संपूर्ण देशाचे असतात. सॉफ्टवेअर निर्यातदारांना १९९१ पासून टेक्नॉलॉजी पार्क योजनेत शुल्कमुक्त आयातीची मुभा होती. त्याच शहरातील शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला मात्र कामगारकपातीसाठी अनेक दशके सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. राष्ट्रीय सरासरीत हा फरक दिसत नाही.

जमिनीचे कायदे तर राज्यागणिक वेगळे. बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन खरेदी करण्यावर कर्नाटकात असलेले निर्बंध २०२० मध्ये उठविण्यात आले. महाराष्ट्रात ते कायम राहिले. कर्नाटकातील शेतकरी संघटनांनी या दुरुस्तीविरुद्ध आंदोलन केले. खरेदीदाराला मिळालेल्या या मोकळिकीमुळे लहान शेतकऱ्याची जमीन हातची जाईल, असा त्यांचा आक्षेप होता.