अपील मालकाचं, संसार आपला

2016 च्या जुलैमध्ये, ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडच्या, मरे नदीकाठच्या एका लहान गावातून फोन आला. "ताई, मालकांना पत्र आलंय. त्यात माझं नाव आहे, पण पत्र मला नाही."

बोलणारा कागलकडचा वेल्डर होता. गोठ्यातली यंत्रं आणि दुधाच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो चार वर्षं कामाला होता. त्याला कायमचं ठेवून घ्यायचं म्हणून मालकानं 187 व्हिसासाठी त्याचं नॉमिनेशन भरलं होतं. ते नाकारलं गेलं होतं. धंद्याचे हिशेब पाहता ही नोकरी पुढची दोन वर्षं टिकेल अशी खात्री पटत नाही, एवढंच कारण पत्रात होतं.

मी मेलबर्नमध्ये मायग्रेशन एजंट आहे. अशा फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला: पत्र कुठल्या तारखेचं? तेव्हा अपिलाला 21 दिवस मिळत आणि ती मुदत चुकली तर अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनललाही वाढवून देता येत नसे. दुसरा प्रश्न विचारताना मात्र दरवेळी जड जातं: अपिलावर मालक सही करतील का? कारण नॉमिनेशन मालकाचं, म्हणून अपीलही मालकाचंच. ज्याची बायको-मुलं त्या कागदाच्या भरवशावर परदेशात आली आहेत, त्याला त्या नकाराविरुद्ध स्वतःहून दाद मागता येत नाही.

हे असं का, हे समजून घेताना मी या देशाचा जुना इतिहास वाचत गेले. 1901 च्या कायद्यानं इथे श्रुतलेखनाची परीक्षा आणली. अधिकारी 50 शब्दांचा उतारा वाचणार आणि आलेल्या माणसानं तो लिहून काढायचा; कुठल्या युरोपीय भाषेत, हे अधिकारी ठरवणार. 1902-03 मध्ये 805 जणांची परीक्षा झाली, 46 पास झाले. 1909 नंतर एकही नाही. परीक्षा नापास करण्यासाठीच होती. नकाराचं खरं कारण कुणी सांगत नसे, मग खोडून काढायचं तरी काय?

1922 मध्ये श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात आले. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची धुरा गोखल्यांमागे त्यांच्याकडे आली होती. इथे आधीपासून राहणाऱ्या हिंदी लोकांना समान हक्क द्या, असं ते शहरोशहरी सांगत फिरले. 1925 मध्ये त्या लोकांना संघराज्याच्या निवडणुकीत मत मिळालं. शास्त्रींबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांना विनंती करावी लागली, कारण दाद मागायला दारच नव्हतं. स्वतःसाठी बोलायची सोय नसलेल्यांच्या वतीनं वजनदार माणसानं शब्द टाकायचा, ही रीत तेव्हाची.

1934 मध्ये एगॉन किश हा प्रागचा पत्रकार हिटलरविरुद्ध बोलायला आला. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्यानं मेलबर्नच्या धक्क्यावर जहाजावरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला अनेक भाषा येत, म्हणून सिडनीत त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. तो हायकोर्टात गेला आणि ही कायद्याच्या अर्थानं युरोपीय भाषा नाही, असं कोर्टानं ठरवलं. किशच्या पाठीशी वकील होते, सभा होत्या, वर्तमानपत्रं होती. वेल्डरच्या पाठीशी हे कुठून येणार?

परीक्षा गेली ती 1958 च्या नव्या कायद्यानं. पुढे 1971 मध्ये जॉन कर यांच्या समितीनं सांगितलं, की सरकारी निर्णय कायदेशीर आहे का एवढंच कोर्ट पाहतं. तो योग्य आहे का, हे तपासणारी जागाही हवी. त्यातून 1976 मध्ये अपील ट्रिब्युनल सुरू झालं. व्हिसाच्या निर्णयांसाठी वेगळं ट्रिब्युनल 1989 च्या कायद्यानं आलं. 1999 मध्ये त्याची जागा दुसऱ्यानं घेतली, 2015 मध्ये ते मोठ्या ट्रिब्युनलमध्ये विलीन झालं, आणि ऑक्टोबर 2024 पासून तेही जाऊन नवं आलं. पाट्या बदलल्या, पण गाभा टिकला: ट्रिब्युनल अधिकाऱ्याच्या जागी बसून प्रकरण पहिल्यापासून पाहतं आणि नवा पुरावाही घेतं. पन्नास शब्दांच्या उताऱ्यापासून पहिल्या ट्रिब्युनलपर्यंत यायला पाऊण शतक लागलं. म्हणून अपिलाचा फॉर्म मी कधीही घाईत भरत नाही.

पण याच काळात कुशल कामगाराचा रस्ता मालकामार्फत जाऊ लागला. 1996 मध्ये तात्पुरत्या कामासाठीचा 457 व्हिसा आला; 2012 मध्ये कायमच्या व्हिसाचे 186 आणि 187 हे क्रमांक. आधी मालकाचं नॉमिनेशन, मग माणसाचा व्हिसा. पहिलं कोसळलं की दुसरं उभं राहत नाही. नवा मालक नवं नॉमिनेशन घेऊन आला, तरी जुना अर्ज त्यानं वाचत नाही. मधल्या काळात मालकानं धंदा विकला, आजारी पडला किंवा कंटाळून अपील मागे घेतलं, तर संपलं.

आमच्या मालकानं विसाव्या दिवशी सही केली. फीही त्यानंच भरली. मग दोन वर्षं वाट पाहणं. वेल्डर निकालापर्यंतच्या तात्पुरत्या ब्रिजिंग व्हिसावर. व्हिसा नाकारल्याविरुद्धचं त्याचं स्वतःचं अपील मालकाच्या अपिलाला टांगलेलं. 2016 मध्ये इथे दुधाचे भाव कोसळले होते, शेतकऱ्यांनी दुरुस्त्या पुढे ढकलल्या होत्या आणि वर्कशॉपचे हिशेब त्यामुळे उतरले होते. दूधदर पडला की गावाचं काय होतं, हे कागलच्या माणसाला कुणी समजवायची गरज नव्हती. पण ते कागदावर दाखवायला हवं होतं. आम्ही नंतरच्या दोन वर्षांची टॅक्स रिटर्न्स, पगाराच्या स्लिपा, कामांच्या ऑर्डरी असं सगळं जमवलं.

2018 मध्ये हिअरिंग झालं. मालक दीड तास बोलला. वेल्डरला पाच मिनिटं मिळाली, साक्षीदार म्हणून. ट्रिब्युनलनं जुना निर्णय रद्द करून नॉमिनेशन मंजूर केलं. मालक भला निघाला म्हणून हे झालं. माणसाचा हक्क दुसऱ्याच्या भलेपणावर अवलंबून असू नये. नॉमिनेशन नाकारलं तर ज्याचं नाव त्यात आहे, त्यालाही अपील करता यायला हवं. या इतिहासाचं एवढं पाऊल अजून टाकायचं राहिलं आहे.

निकालाच्या दिवशी पुन्हा फोन आला. "ताई, पत्र याही वेळी मालकांच्याच नावानं आलंय. पण त्यांनी पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. म्हणाले, आधी तू वाच."