पंचावयव वाक्य
न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवून देण्यासाठी मांडायच्या अनुमानाची पाच अंगांची रचना. गौतमाच्या न्यायसूत्रांत तिचे अवयव प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे सांगितले आहेत. ठरलेला दाखला डोंगराचा : डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हा डोंगरही तसाच धुराचा, म्हणून तेथे अग्नी आहे. सारा भार तिसऱ्या अवयवातील व्याप्तीवर, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या नियत संबंधावर असतो. तीच उलटवून ‘अग्नी आहे, म्हणून धूर आहे’ म्हटले, की तापलेला लोखंडी गोळा आडवा येतो. त्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. हेत्वाभासांत, म्हणजे सदोष हेतूंत, त्याची गणना पहिली. मीमांसक तीनच अवयव पुरेसे मानतात. तर्कापुरते ते खरेही आहे. मात्र भरसभेत उपनयाची पुनरुक्ती वाया जात नसावी.