डिप्टीसाहेब आणि गुरुजींचा शब्द

दिवाळीच्या फराळाबरोबर परीक्षेचा विषय वाढणे हा घरातल्या पोरांवर अन्यायच आहे. पण मूल शिकले की नाही हे कुणी ठरवायचे, रोज त्याला पाहणाऱ्या गुरुजींनी की वर्षातून एकदा येणाऱ्या परक्या साहेबाने, ह्या एका प्रश्नापायी दोनशे वर्षांत जी ओढाताण झाली तिची हकिकत मोठी मौजेची आहे. मी मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. मला ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

पंतोजींच्या शाळेत परीक्षेचा असा दिवसच नसे. धूळपाटीवर अक्षर वळले की पुढचे अक्षर, पावकी-निमकी पाठ झाली की पुढचा पाढा. मोठा मुलगा धाकट्यांकडून घोकून घेई. मद्रासेकडे अशीच रीत पाहून अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडातल्या शाळांनी ती उचलली! अर्थात त्या शाळेचे दार सगळ्या जातींना उघडे नव्हते, तेव्हा तिचे गोडवे बेतानेच गावे.

इंग्लंडने मात्र परतफेड वाईट केली. १८६२ साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्याने शाळांच्या अनुदानाला बाजाराचा हिशेब लावला. हजेरीबद्दल प्रत्येक मुलामागे चार शिलिंग. वाचन, लेखन आणि गणित मिळून आणखी आठ. इन्स्पेक्टर येणार, एकेका पोराला उभे करणार, आणि जो विषय येईना त्याचे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. कवी मॅथ्यू आर्नोल्ड स्वतः इन्स्पेक्टर होता. त्याने त्याच वर्षी ह्या नियमांवर कडक टीका लिहिली. व्हायचे तेच झाले. मुले धडा वाचीनाशी झाली, पाठ करू लागली. पुस्तक उलटे धरूनही घडाघडा म्हणत, असे सांगतात. गुरुजींना तरी दोष कसा द्यावा? पोर अडखळले की शाळेच्या गल्ल्यातले पैसे जात होते.

हीच रीत १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात आली. १८८२ च्या हंटर कमिशनने तर प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावरच ठेवावे, अशी शिफारस केली. त्याच कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले, त्यात खेड्यातल्या मास्तराला निदान बारा रुपये पगार हवा, असा आग्रह होता. साहेब निकाल मोजत होते, आणि हा माणूस गुरुजीच्या चुलीकडे पाहत होता. ती रीत मोडण्याची भाषा सरकारच्या तोंडी यायला १९०४ साल उजाडले.

आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात. आमच्या बपेऱ्याहून नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा. १८६७ साली तो बनवला तेव्हा भंडाऱ्याचाही तुकडा त्यात गेला. आज दोन्ही काठांची पोरे दोन निराळ्या बोर्डांना बसतात, पण जुन्या माणसांच्या बोलण्यातला ‘डिप्टीसाहेब’ दोन्हीकडे एकच. तो यायचा म्हणजे भिंती सारवायच्या, पोरांना न्हाऊ घालायचे आणि हुशार पोरगा पुढच्या रांगेत बसवायचा.

ह्या साऱ्याला पहिला खणखणीत विरोध शेजारच्या वर्ध्यात झाला. १९३७ च्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा केला, त्यात प्रचलित परीक्षेला शिक्षणाचा शापच ठरवले. एकेका पोराला तपासू नका; एखाद्या टापूतल्या काही मुलांचा नमुना घेऊन शाळेचेच काम जोखा, असे त्यांचे म्हणणे. इतकी शहाणी सूचना आम्ही कागदावरच जपली.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांताने मात्र धाडस केले. १९७० साली रॅडफर्ड समितीने सांगितले आणि १९७२ नंतर शाळेअखेरची सार्वजनिक परीक्षाच बंद झाली. गुण गुरुजी देत. पण निरनिराळ्या शाळांचे शिक्षक एकत्र बसून एकमेकांच्या मुलांचे काम ताडून पाहत. हे जवळजवळ पन्नास वर्षे चालले. २०२० च्या तुकडीपासून तिथेही बाहेरची परीक्षा काही अंशी परतली.

आमच्यावर ही वेळ अचानक आली. २०१० पासून आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले होते, आम्ही रकाने भरत होतो. मग २०२१ साली महामारीमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या वर्गातल्या कामाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. म्हणजे सगळे शाळेच्या हाती. निकाल लागला ९९.९५ टक्के! दोनच वर्षांपूर्वी, भाषा आणि समाजशास्त्राचे शाळेच्या हातचे २० गुण काढून घेतले तेव्हा, तो ७७.१० होता.

लोक हसले. मला हसू आले नाही. गुरुजी लबाड ठरले असे मी मानत नाही. ज्या पोराच्या घरची चूल आपल्याला ठाऊक आहे त्याला त्या वर्षी नापास लिहायला कुणाचा हात धजला असता? पण आमच्या गुणांकडे दुसऱ्या शाळेच्या मास्तराची नजर कधी लावलीच गेली नाही, हेही खरे. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. तीही शाळाच घेते. मग निदान तिच्या उत्तरपत्रिका तरी आमच्या सिहोऱ्याच्या गुरुजींनी पाहाव्या आणि त्यांच्या आम्ही. गठ्ठा काही फार जड नाही, सायकलच्या कॅरिअरवर मावतो.