कुळशोध, कोल्हापुरातील कष्टकरी घराण्यांचा

वतन, सनद किंवा जमीन नसलेल्या घराण्याचे पूर्वज शोधण्याची रीत. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या जनगणनेत मजुराचेही नाव सापडते. त्यामागच्या पिढ्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मिळतात. भारतात १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवली असल्याने शिरगणतीतून खापरपणजोबा हाती लागत नाही.

कोल्हापुरात शोध सुरू होतो तो गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीपासून. बोलीत हेच कोतवाल बुक. जुन्या नोंदी मोडीत असल्याने जाणकार वाचक लागतो. पुष्कळदा बाळाचे नाव नसते, आडनावही नसते. बापाचे नाव आणि जात एवढ्यावरच घर ओळखावे लागते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात याच वह्या तपासल्या गेल्या. शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा आधार. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गरिबाघरची मुले कागदावर येण्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

सर्वांत मोलाचा ठेवा मात्र सरकारी नाही. सीमाभागातील हेळवी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून यजमान घराण्यांची वंशावळ वाचतात. मूळ गाव, कुलदैवत, नव्या पिढीची नावे वहीत चढवतात आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. पूर्वी ते बैलावरून येत. या वह्यांचे जतन तातडीने व्हायला हवे. वंशावळ बापाकडून चालत असल्याने आजी-पणजीचे माहेर बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते.