लग्नाआधीचे वधूचे दिवस

लग्न पंधरवड्यावर आले की वधूची केळवणे सुरू होतात. आप्तेष्ट तिला जेवायला बोलावून ओटी भरतात. मग हिरवा चुडा भरला जातो. आदल्या दिवशी ग्रहमख होऊन देवक बसते. नांदीश्राद्ध झाल्यावर कार्याला सोयर-सुतक आड येत नाही, ही शास्त्राने केलेली सोय. पुढे वराची उष्टी हळद वधूला लागते. हळद लागल्यावर तिने घराबाहेर पडू नये, असा जुना दंडक. त्यात तिला विश्रांतीही मिळे. बडोदे-इंदूरकडील आपल्या घरांत आता मेंदी-संगीतही याच दिवसांत असते. म्हणून वडीलधाऱ्यांनी केळवणे लवकर आटोपावीत. मामाकडची पिवळी साडी नेसून गौरीहरापुढे बसलेली मुलगी दमलेली दिसू नये.